चिप तीच, वारा वेगळा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एखाद्या ग्राफिक्स कार्डाची चौकशी केली, की दुकानदार एकाच नावाची पाच-सहा खोकी समोर मांडतो. नाव एक, आतली चिपही एक. किमतीत मात्र काही हजारांचा आणि वरच्या श्रेणीत त्याहून कितीतरी मोठा फरक. एका खोक्यावर दोन पंखे, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर तीन पंखे आणि वर रंगीत दिव्यांची रोषणाई. चिपचा आराखडा एनव्हिडिया किंवा एएमडी यांचा. ती बनते बहुतेक वेळा तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यात. ती विकत घेऊन तिच्याभोवती सर्किट बोर्ड, वीजपुरवठ्याची जोडणी आणि थंड राखणारी यंत्रणा बसवायची, हे काम आसूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर अशा कंपन्यांचे. चिपच्या मालकाने आखून दिलेल्या नमुन्याबरहुकूम बनलेले ते ‘रेफरन्स’ कार्ड; आणि जोडणाऱ्या कंपनीने स्वतःची थंड राखणारी यंत्रणा बसवलेले ते ‘कस्टम कूलिंग’चे.

चिप तीच असेल, तर जास्तीचे पैसे कशाचे? आणि ते वसूल होतात की नाही, हे तपासायचे कसे? मराठी घरांमध्ये हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. बारावी संपलेला मुलगा किंवा मुलगी गेमिंगच्या संगणकाची यादी पुढे करते, त्यात एकट्या कार्डाचीच किंमत लाखाच्या आसपास असते, आणि आईवडिलांजवळ निर्णयासाठी साधन असते ते खोक्यावरच्या आकड्यांचे आणि कुणीतरी केलेल्या परीक्षणाचे. मला स्वतःला खेळांपेक्षा मोजमापाच्या पद्धतींमध्ये अधिक रस आहे. गेल्या पंधरा वर्षांत ग्राफिक्स कार्ड मोजण्याची रीत ज्या झपाट्याने आणि ज्या भांडणांतून बदलली, तशी घरातल्या दुसऱ्या कुठल्या वस्तूची बदललेली मला तरी दिसत नाही. फ्रिज मोजणारे अजून लिटर आणि तारेच मोजतात.

आधी उष्णता. ज्या कार्डाची गोष्ट पुढे सांगणार आहे, त्याच्या चिपचे क्षेत्रफळ ४३८ चौरस मिलिमीटर होते, म्हणजे आपल्या एक रुपयाच्या नाण्याहून किंचित मोठे. एवढ्याशा जागेतून अडीचशे वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडे. कपड्यांची हजार वॅटची इस्त्री घेतली, तर तिच्या तळाचे क्षेत्रफळ साधारण दोनशे चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच वॅट. चिपच्या बाबतीत हाच हिशेब पन्नासच्या वर जातो. इस्त्रीच्या दहापट दाट उष्णता, आणि तीही अशा वस्तूतून, जी ९५-१०० अंशांच्या आत ठेवायची आहे. ‘कूलर’ हा शब्द या दृष्टीने फारच सौम्य आहे. (विदर्भातल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे तर वाळ्याच्या ताट्यांचा आणि पाण्याच्या टाकीचा कूलर येईल. तो अगदीच असंबद्ध नाही, हे लगेच दिसेल.)

चिपवरची उष्णता दूर न्यायचे काम करतात तांब्याच्या बंद नळ्या, ज्यांना हीट पाइप म्हणतात. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेतल्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६० च्या दशकात हे तंत्र प्रत्यक्षात आणले. नळीतली हवा काढून टाकून आत अगदी थोडे पाणी ठेवलेले असते. दाब कमी, त्यामुळे ते १०० अंशांच्या कितीतरी आधीच उकळते. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाकडे धावते, तिथे अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, परत चिपकडे येते. माठातले पाणी गार होते ते याच गुणामुळे: पाण्याची वाफ होताना ती भरपूर उष्णता घेऊन जाते. फरक इतकाच की माठातले पाणी उडून जाते, नळीतले फिरून परत येते. पंख्यांचे काम यानंतरचे. पात्यांमध्ये साठलेली उष्णता हवेत सोडण्याचे. म्हणून पंख्यांची संख्या मोजण्याआधी नळ्या किती जाड, पात्या किती आणि चिपशी त्यांचा संपर्क कसा, हे पाहायला हवे. ते खोक्यावर छापलेले नसते.

एके काळी या सगळ्याचा वेगाशी संबंध नव्हता. चिपचा वेग ठरलेला असे; कूलर चांगला असला तर ती जास्त टिके, एवढेच. मार्च २०१२ मध्ये एनव्हिडियाचे जीटीएक्स ६८० आले आणि हे बदलले. त्याच्या चिपचा किमान वेग १००६ मेगाहर्ट्झ सांगितलेला होता; पण वीज आणि तापमान यांत जितकी सवड असेल, तितकी ती आपण होऊन वर चढे. या दिवसापासून वेग हा चिपचा गुण न राहता परिस्थितीचा गुण झाला. थंड खोलीत एक, गरम खोलीत दुसरा. माझ्या मते कस्टम कूलिंगच्या कार्डाचे परीक्षण हा स्वतंत्र विषय झाला तो इथून. आणि या बदलाचे सगळे परिणाम दुसऱ्याच वर्षी, दुसऱ्याच कंपनीच्या कार्डावर उघडे पडले.

२४ ऑक्टोबर २०१३ रोजी एएमडीने रेडिऑन आर९ २९०एक्स बाजारात आणले. चिपचे नाव ‘हवाई’. अमेरिकेतली किंमत ५४९ डॉलर; एनव्हिडियाचे जीटीएक्स ७८० त्या दिवशी ६४९ डॉलरला आणि टायटन ९९९ डॉलरला होते. हवाई चिप टायटनच्या तोडीस तोड चालत होती. खळबळ उडाली, आणि चारच दिवसांत एनव्हिडियाला आपल्या किमती उतरवाव्या लागल्या. पण एएमडीने वेग लिहिला होता तो ‘१००० मेगाहर्ट्झपर्यंत’. या ‘पर्यंत’मध्ये सगळी गोम होती.

रेफरन्स कार्डावर एकच पंखा होता, लोहाराच्या भात्यासारखा एका टोकाने हवा ओढून दुसऱ्या टोकाने कॅबिनेटच्या बाहेर फेकणारा. कार्डावर एक बारीकसा खटका होता. एका बाजूला ‘शांत’ अवस्था: पंखा कमाल शक्तीच्या ४० टक्क्यांवर जाणार नाही. दुसऱ्या बाजूला ‘उबर’ अवस्था: ५५ टक्क्यांपर्यंत मुभा. चिप ९५ अंशांवर पोहोचली आणि पंख्याची मर्यादा संपली, की एकच मार्ग उरे, तो म्हणजे वेग कमी करण्याचा. कार्ड थंड असताना पहिली काही मिनिटे ते हजार मेगाहर्ट्झने धावे. मग शांत अवस्थेत कित्येक खेळांमध्ये आठशे-नऊशेच्या घरात उतरे. याचा अर्थ असा, की ज्या परीक्षकाने मिनिटभराची चाचणी घेतली त्याचे कार्ड वेगळे, आणि ज्याने अर्धा तास खेळून मग आकडे घेतले त्याचे वेगळे. दोघेही खरे बोलत होते.

पुढे आणखी गंमत झाली. काही परीक्षकांनी दुकानातून कार्डे विकत आणली, तेव्हा ती कंपनीने पाठवलेल्या नमुन्यांपेक्षा हळू निघाली. शोध घेता दिसले, की ४० टक्के म्हणजे प्रत्येक पंख्याचे फेरे सारखे नव्हते. एकाचे कमी, एकाचे जास्त. एएमडीने नोव्हेंबरात नवा ड्रायव्हर देऊन पंख्याला टक्क्यांऐवजी फेऱ्यांच्या आकड्याने बांधले. त्याच महिन्याच्या ५ तारखेला आलेल्या धाकट्या आर९ २९०ची गोष्ट तर याहून बोलकी आहे. परीक्षकांच्या हातात कार्डे आधीच पडलेली होती. समोरच्या कंपनीने किमती उतरवल्यावर एएमडीने नवा ड्रायव्हर पाठवला आणि पंख्याची मर्यादा ४० वरून ४७ टक्के केली. कार्ड वेगवान झाले. चिपमध्ये काडीचा बदल नव्हता. वारा वाढला होता, आणि त्याबरोबर आवाजही.

डिसेंबरपासून कस्टम कूलिंगची कार्डे येऊ लागली. सफायरच्या ट्राय-एक्सवर तीन पंखे आणि भरपूर पात्या होत्या. वेग १०४० मेगाहर्ट्झ लिहिलेला होता, आणि तो लांबलचक खेळातही टिकत होता, तापमान ९५ पासून बरेच दूर ठेवून आणि आवाज रेफरन्स कार्डाच्या पुष्कळ खाली ठेवून. आणखी एक फायदा क्वचितच सांगितला जातो: चिप जितकी गरम, तितकी तिच्यातून काही काम न करता नुसती झिरपणारी वीज जास्त. म्हणून थंड राहिलेली चिप त्याच वेगाला थोडी कमी वीज खाते आणि अर्थातच थोडी कमी तापते. तरीही प्रत्येक कस्टम कूलर चांगला होता असे नाही. आसूसने डायरेक्टसीयू-२ हा दुसऱ्या, मोठ्या चिपवर वापरलेला कूलर हवाईवर बसवला, तर त्याच्या सगळ्या नळ्या चिपला टेकतच नव्हत्या. कडेच्या नळ्या चिपच्या बाहेर पडत होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला हे कळण्याचा मार्ग नव्हता.

आता वेग म्हणजे काय ते पाहू, कारण तिथेही असाच एक ‘पर्यंत’ लपलेला आहे. खेळाचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने रेखाटले जाते, त्याला फ्रेम म्हणतात, आणि वर्षानुवर्षे कार्डे मोजली गेली ती सेकंदाला सरासरी किती फ्रेम यावर. ‘तासाला सहा गाड्या’ असे एसटीच्या फलकावर लिहिलेले असते. पाच गाड्या एकामागून एक आल्या आणि मग पन्नास मिनिटे काहीच नाही, तरी फलक खोटा ठरत नाही. तसेच इथे: एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आल्या आणि साठावीला ४१० लागले, तर सरासरी साठच, खेळणाऱ्याला मात्र तो झटका गोळीसारखा जाणवतो. सप्टेंबर २०११ मध्ये टेक रिपोर्टच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजण्याची पद्धत मांडली. दोन वर्षांत त्याचा परिणाम दिसला. एएमडीची दोन कार्डे जोडून चालवली, तर निम्म्या फ्रेम नावापुरत्या येतात, हे २०१३ मध्ये नव्या मोजणीने दाखवले आणि कंपनीला त्यावर ऑगस्टमध्ये दुरुस्ती काढावी लागली. आज परीक्षणांत ‘एक टक्का नीचांक’ म्हणून जो आकडा येतो, म्हणजे सगळ्यात रेंगाळलेल्या एक टक्का फ्रेमवरून काढलेला वेग, तो याच विचाराचा नातू आहे.

मात्र विक्रेते इथे एक गफलत करतात. महाग कूलरमुळे खेळ ‘अडखळत नाही’ असे ते सांगतात. बहुतेक झटके प्रोसेसर, मेमरी, ड्रायव्हर किंवा खुद्द खेळाच्या बांधणीतून येतात. त्यांना तीन पंखे काही करू शकत नाहीत. उष्णतेने वेग उतरतो तो हळूहळू, नळाचे पाणी कमी होत जावे तसा. कूलर पुरेसा असला, की त्याहून मोठा कूलर वेगात दोन-चार टक्क्यांपलीकडे भर घालत नाही. आणि दोन-चार टक्के म्हणजे सेकंदाला शंभर फ्रेमच्या जागी एकशे तीन. ते डोळ्यांना दिसत नाही, आलेखात दिसते.

मग उरते काय? तापमान आणि आवाज. परीक्षणातला ‘६८ अंश’ हा आकडा एकटा निरर्थक आहे. कार्डाचा कूलर चिपला हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त हवा आणि चिप यांच्यातले अंतर ठरवतो. समजा, युरोपातल्या परीक्षकाच्या खोलीत २१ अंश होते आणि चिप ६८ वर थांबली. अंतर ४७ अंशांचे. तेच कार्ड मे महिन्यात नागपूरच्या ३६ अंशांच्या खोलीत त्याच वाऱ्यावर चालवले, तर चिप ८३ वर जाणार. आणि ते बंद कॅबिनेटमध्ये असेल, तर आतली हवा खोलीहून काही अंश गरम असतेच. प्रत्यक्षात कार्ड ८३ वर जाऊ देत नाही, पंखे वाढवते. म्हणजे युरोपात शांत ठरलेले कार्ड विदर्भात शांत नसते. म्हणून परीक्षणात खोलीचे तापमान दिलेले नसेल, चाचणी उघड्या चौकटीवर घेतलेली असेल किंवा अर्ध्या तासापेक्षा कमी चाललेली असेल, तर मी पुढचे आकडे वाचत नाही.

आवाजाचे गणित अधिक फसवे आहे. पंख्याचे फेरे दुप्पट झाले, की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो, असा पंख्यांच्या अभियांत्रिकीतला ठोकताळा आहे. आणि १० डेसिबलची वाढ कानाला जवळपास दुप्पट भासते. यामुळे कुठलाही कूलर ‘थंड’ ठरवता येतो, पंखे जोरात फिरवले की झाले. आणि कुठलाही ‘शांत’ ठरवता येतो, चिपला तापू दिले की झाले. दोन्ही आकडे वेगवेगळे छापले, तर वाचक फसतो. प्रामाणिक रीत एकच आहे: सगळ्या कार्डांचे पंखे असे लावायचे, की आवाज सारखा येईल, आणि मग तापमान पाहायचे. काही परीक्षक हे करू लागले आहेत, पण कष्टाचे काम असल्याने सगळे करत नाहीत. आपल्याकडे आणखी एक बाब आहे, जी परदेशी परीक्षणात कधीच येणार नाही. छताचा पंखा पाचवर असताना दोन कार्डांमधला चार-पाच डेसिबलचा फरक कुणाला ऐकू येतो? डिसेंबरात रात्री पंखा बंद असताना येतो. वर्षातले असे महिने किती, त्यावर त्या जास्तीच्या हजारांचे मोल ठरवावे.

भात्यासारख्या पंख्याची बाजूही सांगायला हवी. तो कर्कश असतो, पण उष्णता कॅबिनेटच्या बाहेर टाकतो. तीन उघडे पंखे ती बहुतांशी आतच सोडतात. अरुंद, काचेने मढवलेल्या कॅबिनेटमध्ये महाग कार्ड स्वतः थंड राहते आणि शेजारच्या प्रोसेसरला शेकवते. खोलीचे म्हणाल, तर कुठलाही कूलर तिला वाचवत नाही: ४५० वॅट खाणारे कार्ड ४५० वॅट खोलीत सोडणार. दिवसाला चार तास पूर्ण जोरात खेळले, तर महिन्याला ५४ युनिट एकट्या कार्डाची. एसी लावला, तर ही उष्णता बाहेर काढण्याचे बिल वेगळे.

परीक्षकाच्या हातातले कार्ड आणि आपल्या हातातले कार्ड एकच का, हा प्रश्न २०१३ नंतरही मिटला नाही. जून २०१६ मध्ये टेकपॉवरअपने दाखवले, की एमएसआय आणि आसूस यांनी जीटीएक्स १०८० ची जी कार्डे परीक्षणाला पाठवली, त्यांच्या बायोसमध्ये वेग दुकानातल्या कार्डांपेक्षा थोडा वरचा लावलेला होता. ग्राहकालाही तो वेग मिळू शके, पण स्वतः प्रोग्रॅम टाकून अवस्था बदलल्यावर. फरक किरकोळ होता. मुद्दा असा, की दहा कंपन्यांची एकाच चिपची कार्डे जिथे टक्क्या-दोन टक्क्यांनी क्रमांक मिळवतात, तिथे किरकोळ फरकच पहिला नंबर ठरवतो. त्यात चिपा एकाच कारखान्यातून आल्या तरी जुळ्या नसतात. एखादी कमी दाबावर वर चढते, एखादी अडते. एकेक कार्ड तपासून लावलेला क्रमांक मी म्हणूनच सोडतीच्या निकालासारखा वाचतो.

आणि ज्या जागेचे तापमान मोजले, तीच सगळ्यात गरम जागा असते असेही नाही. २०२० च्या आरटीएक्स ३०९० वर मेमरीच्या २४ चिपांपैकी निम्म्या कार्डाच्या पाठीमागे होत्या, जिथे पंखा पोहोचत नव्हता. मुख्य चिप सत्तरीत निवांत, आणि पाठीमागची मेमरी शंभरीच्या पुढे, अशी अवस्था त्या कार्डावर होऊ शके.

गेल्या काही वर्षांत मात्र चित्र उलटे होऊ लागले आहे. २०१८ पासून एनव्हिडियाने स्वतःच्या कार्डांवरचा भाता काढून टाकला. १२ ऑक्टोबर २०२२ ला आलेले आरटीएक्स ४०९० तिच्या स्वतःच्या कूलरवरही आपला वेग सहज टिकवत होते. तरी जोडणाऱ्या कंपन्यांनी दोन किलोहून जड कार्डे काढली, ती वाकू नयेत म्हणून खोक्यात टेकू दिले, आणि दीड लाखाच्या पुढच्या किमतीवर आणखी पैसे मागितले. वेगात जवळजवळ काही मिळाले नाही. शांतता थोडी मिळाली. ईव्हीजीए ही या धंद्यातली अमेरिकेतली नामांकित कंपनी त्याच सप्टेंबरात ग्राफिक्स कार्डांतून बाहेर पडली होती. चिपचा मालकच चांगला कूलर बनवू लागल्यावर जोडणाऱ्याने नेमके काय विकायचे, हा प्रश्न उरलेल्यांपुढे आहेच.

पण रेफरन्स कार्ड म्हणजे निर्धोक, असेही समजू नये. डिसेंबर २०२२ मध्ये एएमडीचे आरएक्स ७९०० एक्सटीएक्स आले. त्यात नळ्यांऐवजी पाण्याच्या वाफेवरच चालणारी एक चपटी बंद डबी चिपवर बसवलेली होती. काही ग्राहकांच्या कार्डांवर एक बिंदू ११० अंशांना जाऊ लागला आणि वेग पडू लागला. जर्मनीतल्या ‘डेअरबाउअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंत्रज्ञाने अशी कार्डे मागवून वेगवेगळ्या स्थितींत चालवून पाहिली. कार्ड उभे असताना ठीक. आडवे केले, की तापमान चढे. आणि एकदा चढले, की पुन्हा उभे करूनही लगेच उतरत नसे. जानेवारीत एएमडीने कबूल केले, की काही कार्डांच्या डबीत पाणी कमी भरले गेले होते. ती बदलून देण्यात आली. पाण्याचे काही थेंब कमी, आणि हजार डॉलरचे कार्ड अडून बसते. एकच कार्ड एकाच स्थितीत तपासणाऱ्या कुठल्याही परीक्षणात हे सापडले नसते. सापडले ते घरोघरच्या तक्रारी एकत्र आल्यावर.

आपल्या घरात यातले तपासण्यासारखे थोडे असते, पण असते. कार्ड आणल्यावर पहिल्या आठवड्यात खोलीचे तापमान, अर्ध्या तासाच्या खेळानंतरचे चिपचे तापमान, सगळ्यात गरम बिंदूचे तापमान आणि पंख्याचे फेरे वहीत लिहून ठेवावेत. हे सगळे दाखवणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. वर्षाने पुन्हा मोजावे. खोली तितकीच गरम, वारा तितकाच, आणि अंतर वाढलेले असेल, तर पात्यांत धूळ बसलेली आहे किंवा चिपवरची पेस्ट कडेला सरकलेली आहे. गरम बिंदू आणि चिपचे तापमान यांच्यातली फट रुंदावली असेल, तर बहुधा पेस्टच. तेव्हा वॉरंटीची तारीख पाहून दुकान गाठावे, स्वतः स्क्रू उघडू नयेत. नुसती धूळ असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेटही बाहेर काढावे. ब्लोअर मारताना मात्र प्रत्येक पंखा बोटाने धरून ठेवावा. नाहीतर वाऱ्याच्या झोताने तो आपल्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो आणि त्याचे बेअरिंग जाते.